खुतबा आणि चाकरी

शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाच्या वेळी मशिदीतील मिंबरावरून जे प्रवचन केले जाते त्याला खुतबा म्हणतात. मध्ययुगात या प्रवचनात राज्यकर्त्याचे नाव घेतले जाई. ज्याचे नाव खुतब्यात आणि नाण्यावर, तो त्या मुलखाचा धनी, असा संकेत होता. प्रेषितांनंतर कोणाचे स्मरण व्हावयाचे, पहिल्या चार खलिफांचे की बारा इमामांचे, यावरून ते राज्य सुन्नी की शिया हेही ऐकणाऱ्याला कळत असे. विजापूरच्या आदिलशाहीत १५०२ च्या सुमारास हा खुतबा प्रथम शिया झाला, आणि त्यानंतरच्या जेमतेम ऐंशी वर्षांत तो आणखी सात वेळा बदलला.

आता ऐंशी वर्षांत एखाद्या नगरातील लोकांची श्रद्धा आठ वेळा पालटते, हे कोणाही विचारी माणसाला पटणार नाही. तेच लोक, त्याच मशिदी, तीच घरे. मग बदलत होते ते काय? या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांत फारसे सापडत नाही. ते सापडते दरबारच्या नेमणुकांत, जहागिरींच्या वाटपात आणि सैन्याच्या हजेरीपटात. इस्लामी समाजांतील पंथभेदाचे राजकारण म्हटले की इराण आणि तुर्कस्तान यांची नावे पुढे येतात. परंतु त्याच राजकारणाचा एक मोठा अध्याय बीदर, विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा येथे घडला, आणि मराठी मुलखाच्या पुढील इतिहासावर त्याची छाया पडली.

शिया आणि सुन्नी या भेदाचे मूळ ६३२ मध्ये प्रेषित मुहंमदांच्या निधनानंतर उत्पन्न झालेल्या वारसाच्या प्रश्नात आहे. समाजाचे नेतृत्व समाजाने निवडलेल्या खलिफाकडे जावे, की प्रेषितांचे जामात अली आणि त्यांचे वंशज यांच्याकडे राहावे, हा तो प्रश्न होय. ६८० मध्ये करबला येथे अलींचे पुत्र हुसेन मारले गेले, आणि त्या मतभेदाला शोकाची व निष्ठेची खोल धार आली. तथापि पुढे कित्येक शतके बहुतेक मोठी राज्ये सुन्नीच होती. १५०१ मध्ये शाह इस्माईल सफवी याने इराणातील तब्रीझ येथे बारा इमामांच्या शिया पंथाला राजधर्म म्हणून जाहीर केले, तेव्हापासून पंथ हे दोन साम्राज्यांतील सीमेचे चिन्ह बनले. पश्चिमेस उस्मानी तुर्क सुन्नी, पूर्वेस सफवी इराण शिया. १५१४ च्या चाल्दिरानच्या लढाईने ती सीमा रक्ताने रेखली. त्या घोषणेचा पडसाद वर्षा-दोन वर्षांच्या आत विजापुरास उमटला. तो तेथे इतक्या लवकर का उमटला हे समजण्यासाठी दक्षिणेतील एका जुन्या भांडणाकडे वळले पाहिजे.

१३४७ मध्ये दौलताबादेस दिल्लीविरुद्ध बंड होऊन बहमनी राज्य स्थापन झाले. दिल्लीशी वैर पडल्यामुळे उत्तरेकडून सैनिक व कारकून मिळण्याचा मार्ग बंद झाला. मग बहमनी सुलतानांनी समुद्राकडे पाहिले. दाभोळ आणि चौल या बंदरांतून अरबी घोडे येत. त्याच गलबतांतून इराण, इराक आणि तुर्कस्तान येथील सरदार, व्यापारी, कवी आणि हिशेबनीसही येऊ लागले. यांना आफाकी, म्हणजे दिगंतरांहून आलेले, किंवा गरीब असे म्हणत. आज मराठीत गरीब म्हणजे निर्धन. परंतु या अरबी शब्दाचा मूळ अर्थ परका, परदेशी असा आहे. या गरिबांपैकी पुष्कळजण बहमनी दरबारात चांगलेच श्रीमंत झाले.

दुसऱ्या बाजूला होते दक्षिणी, म्हणजे मुहंमद तुघलकाच्या काळी, १३२७ च्या सुमारास, दौलताबादेस येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आणि येथलेच धर्मांतरित लोक. आफ्रिकेतून आलेले हबशी सरदार बहुधा यांनाच मिळत. दक्षिणी आणि हबशी प्रायः सुन्नी होते, परदेशी लोकांत शियांचा भरणा मोठा होता. पण ही विभागणी काटेकोर नव्हती. परदेशीयांत तुर्की सुन्नीही होतेच. भांडणाचे पहिले कारण पंथ नव्हे, तर चाकरी हे होते. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या माणसाला वाटे की कालच्या गलबतातून उतरलेला माणूस आपल्या डोक्यावर बसतो. परदेशीयाला वाटे की आपली विद्या आणि तलवार यांवाचून हे राज्य चालणार नाही.

हे वैमनस्य किती विकोपास गेले होते हे चाकणच्या प्रसंगावरून कळते. १४४६-४७ च्या सुमारास सुलतान अलाउद्दीन दुसरा याने बसऱ्याचा खलफ हसन, ज्याला मलिक-उत्-तुज्जार असा किताब होता, त्याला कोकणच्या मोहिमेवर पाठविले. शिर्क्यांनी त्याला वाट दाखविण्याच्या मिषाने घनदाट अरण्यात नेले आणि तेथे विशाळगडच्या राजाच्या सैन्याने त्याचा निःपात केला. दक्षिणी पथके मागेच राहिली होती. जे परदेशी वाचले ते चाकणच्या किल्ल्यात आश्रयास आले. त्यांनी दक्षिणी सरदारांचे वर्तन दरबारात उघडे करू नये म्हणून त्या सरदारांनीच आधी सुलतानाकडे लिहून पाठविले की हे परदेशी फितूर झाले आहेत. सुलतानाने चौकशी न करता हुकूम दिला. किल्ल्याला वेढा पडला, पुढे अभय देऊन परदेशीयांना बाहेर काढले गेले आणि मेजवानीच्या निमित्ताने जमवून त्यांची कत्तल करण्यात आली. सत्य कळल्यावर सुलतानाने अपराध्यांना शासन केले, परंतु झालेले मरण परत फिरले नाही.

१४८१ मध्ये याच वैमनस्याने महमूद गवान याचा बळी घेतला. गिलान प्रांतातून आलेला हा पुरुष बहमनी राज्याचा सर्वांत समर्थ वजीर होता. बीदरचा त्याने बांधलेला मदरसा त्याच्या विद्याप्रेमाची साक्ष आजही देतो. त्याने चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदारांच्या हातचे किल्ले काढून घेतले. ज्यांची सत्ता गेली त्यांनी त्याच्या मोहोरेचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले राजद्रोही पत्र तयार केले. सुलतान मुहंमद तिसरा याने ते खरे मानून वजिराचा शिरच्छेद करविला. या कारस्थानाच्या मुळाशी असलेल्या दक्षिणी पक्षाचा पुढारी मलिक हसन निजाम-उल्-मुल्क हा होता. तो मूळचा पाथरीच्या एका ब्राह्मण कुळकर्ण्याचा मुलगा असून लहानपणी पकडला जाऊन मुसलमान झाला होता, असे परंपरा सांगते. त्याच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. वजिराचा आश्रित यूसुफ आदिलखान याने विजापूरची आदिलशाही उभी केली. बहमनी राज्य मोडले. त्याचे भांडण मात्र वारशाने दोन्ही घरी पोचले.

येथवर चाकरीचे भांडण चाकरीच्याच नावाने चालले होते. १५०१ नंतर त्याला पंथाचे नाव मिळाले. यूसुफ आदिलखानाने १५०२ च्या सुमारास विजापुरास शिया पद्धतीचा खुतबा पढविला. सफवी घराण्याविषयी त्याची भक्ती जुनी होती असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो, आणि ती खोटी मानण्यास कारण नाही. परंतु त्या घोषणेने परदेशी सरदारांची निष्ठा आणि इराणच्या नव्या बादशहाची मैत्री ही दोन्ही साधली, हेही खरे. यूसुफ सावध होता. त्याने सुन्नी सरदारांना आपापल्या जहागिरीत आपल्या पद्धतीने अजान देण्याची मुभा ठेवली आणि पहिल्या खलिफांची निंदा करण्यास मनाई केली.

तरीही शेजाऱ्यांनी संधी साधली. बीदरचा अमीर बरीद, अहमदनगरचा अहमद निजामशाह आणि तेलंगणाचा सुलतान कुली कुत्ब-उल्-मुल्क यांनी धर्मरक्षणाच्या नावाने विजापुरावर चाल केली. गमतीची गोष्ट अशी की यांपैकी सुलतान कुली हा स्वतः शिया होता! यूसुफ वऱ्हाडात फत्हुल्ला इमाद-उल्-मुल्काकडे गेला. त्या शहाण्या वृद्धाने सल्ला दिला की तूर्त सुन्नी खुतबा चालू करण्याचा हुकूम विजापुरास धाड. मग त्याने अहमदनगर व तेलंगण यांच्या कानी घातले की अमीर बरीदाला धर्म नको, विजापूर पाहिजे. दोघेही मुकाट्याने घरी परतले. एकटा पडलेला बरीद पराभूत होऊन पळाला, आणि यूसुफने परत येऊन शिया खुतबा पुन्हा सुरू केला. धर्माच्या नावाने उभारलेली फौज लुटीच्या वाटणीचा संशय येताच विरघळली, यावरून तिच्या हेतूची परीक्षा होते.

१५१० मध्ये यूसुफ मरण पावला. त्याचा मुलगा इस्माईल अल्पवयी होता, म्हणून कारभार कमालखान या दक्षिणी सरदाराच्या हाती गेला. त्याने खुतबा सुन्नी केला आणि परदेशीयांच्या जहागिरी काढून आपल्या पक्षात वाटल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा जिंकून घेतला होता. कमालखानाचे सारे लक्ष सिंहासनाकडे असल्यामुळे त्याने पोर्तुगीजांशी तह करून गोवा त्यांच्या हाती राहू दिला. पोर्तुगीजांचा अंमल तेथे पुढे १९६१ पर्यंत टिकला. त्याला अनेक कारणे आहेत. तथापि पहिल्या, सर्वांत नाजूक क्षणी विजापूरचे दरबारी आपापसांत गुंतलेले होते हे विसरता येत नाही.

कमालखानाचा डाव इस्माईलच्या आईने उधळला. बुबूजी खानम ही मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण होती, असे फिरिश्त्याने नमूद केले आहे. मक्केच्या यात्रेस जाण्यापूर्वी निरोप घेण्याचे निमित्त करून तिने एका वृद्ध तुर्काला कमालखानाकडे धाडले आणि त्याने त्याला भोसकले. कमालखानाचा मुलगा सफदरखान वाड्यावर चालून आला तेव्हा यूसुफची आप्त दिलशाद आगा आणि इतर स्त्रिया पुरुषवेष धारण करून मूठभर परदेशी शिपायांसह तटावर उभ्या राहिल्या व त्यांनी वाडा राखला. ज्या दक्षिणी पक्षाला भूमिपुत्रांचा पक्ष म्हटले जाई त्याच्यापासून आदिलशाही गादी वाचविली ती या भूमीत जन्मलेल्या एका मराठा स्त्रीने, आणि तीही परदेशीयांच्या साहाय्याने. जन्म, पंथ आणि पक्ष या तिन्ही गोष्टी एकाच रेषेत नव्हत्या हे या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

इस्माईलने मोठा झाल्यावर दक्षिणी व हबशी लोकांना चाकरीतून वगळले, इराणच्या शाहाचा वकील सन्मानाने स्वीकारला आणि आपल्या शिपायांना बारा इमामांची खूण म्हणून बारा टोकांची तांबडी टोपी घालावयास लावली. १५३४ मध्ये त्याचा मुलगा इब्राहीम पहिला गादीवर आला आणि सारे चित्र उलटले. खुतबा सुन्नी झाला, टोपी गेली आणि फिरिश्त्याच्या सांगण्याप्रमाणे चारशे लोक वगळून बाकीच्या परदेशी शिपायांना निरोप मिळाला. त्यांतील तीन हजार जण विजयनगरच्या रामरायाकडे चाकरीस गेले. हिंदू राजापुढे मस्तक लवविण्यात त्यांना संकोच वाटू नये म्हणून रामरायाने आपल्या आसनापुढे कुराण ठेवविले, असेही तो सांगतो. सुन्नी राजाने काढलेल्या शिया शिपायांना हिंदू राजाने पोटाशी धरले. पंथाच्या भांडणाने माणसे कोठून कोठे जाऊन पडत, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच इब्राहीमच्या कारकीर्दीतील एक निर्णय मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचा वाटेल. आजवर फारसीत ठेवले जाणारे महसुलाचे हिशेब त्याने देशी भाषेत ठेवविण्यास प्रारंभ केला आणि ते काम ब्राह्मण कारकुनांकडे सोपविले. परदेशी स्वारांच्या जागी दक्षिणी आणि मराठा बारगीर भरती झाले. हा काही मराठी भाषेवरील प्रेमाचा आविष्कार नव्हता. परदेशी पक्षाचे बळ तलवारीत होते तितकेच फारसी लेखणीत होते आणि ते दोन्ही तोडावयाचे होते. परंतु हेतू काहीही असो, परिणाम दूरवर पोचला. देशमुख, देशपांडे आणि कुळकर्णी यांचा राज्यकारभारात शिरकाव झाला. दोन मुसलमान पक्षांच्या चढाओढीत जी जागा मोकळी झाली तिच्यात मराठी माणसाने पाऊल ठेवले.

या उलथापालथीत सापडलेला एक मोठा पुरुष म्हणजे असदखान लारी. इराणातील लार येथून आलेल्या घराण्यातला हा शिया सरदार बेळगावचा जहागीरदार होता. बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद त्याच्या नावाशी निगडित आहे. राजा सुन्नी झाला तरी असदखानाने आपला पंथ सोडला नाही. तेवढ्यावरून दरबारातील त्याच्या शत्रूंनी इब्राहीमच्या मनात भरविले की अहमदनगरचा शिया सुलतान आणि बेळगावचा शिया जहागीरदार एक झाले आहेत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहानेही त्या संशयाचा फायदा घेऊन बेळगावकडे फौज आणली आणि असदखानाला काही काळ तिच्याबरोबर जाणे भाग पडले. संधी मिळताच तो आपल्या धन्याच्या बाजूस परतला आणि १५४९ मध्ये आदिलशाहीचा सेवक म्हणूनच मरण पावला. पंथावरून माणसाची निष्ठा ठरवू लागले की एकनिष्ठ माणसालाही फितुरीच्या दाराशी कसे लोटले जाते, हे असदखानाच्या चरित्रात दिसते.

अहमदनगरचा इतिहास याहून दारुण आहे. दक्षिणी पक्षाच्या पुढाऱ्याचा नातू बुऱ्हाण निजामशाह याच्या दरबारी १५२२ च्या सुमारास शाह ताहिर हुसैनी हा विद्वान इराणातून आश्रयास आला. शाह इस्माईलच्या मनात त्याच्याविषयी संशय उत्पन्न झाल्यामुळे त्याला मायदेश सोडावा लागला होता. म्हणजे शिया राजसत्तेनेच देशोधडीस लावलेला हा शिया धर्मवेत्ता होता. बुऱ्हाणचा लाडका मुलगा अब्दुल कादिर आजारी पडला असता शाह ताहिरने इमामांना नवस करावयास सांगितले. मुलगा बरा झाला आणि १५३७ च्या सुमारास बुऱ्हाणने शिया पंथ जाहीर केला. पीर मुहंमद याच्या नेतृत्वाखाली हजारो लोक किल्ल्यावर चालून आले. बंड मोडल्यावर पीर मुहंमदला ठार मारावे असा विचार होता, परंतु शाह ताहिरने स्वतः रदबदली करून त्याचा जीव वाचविला. हा उदारपणा पुढे फार काळ कोणी दाखविला नाही.

१५८८ मध्ये मुर्तझा निजामशाहाचा त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, वध केला. वर्षभराच्या आत मिर्झाखान या परदेशी वजिराने मीरान हुसेनला मारून त्याचे शिर किल्ल्यावरून दाखविले. तेव्हा जमालखान या दक्षिणी सरदाराने शहर पेटविले. किल्ल्याचे दरवाजे जाळले गेले आणि परदेशीयांना रस्त्यांतून व घरांतून शोधून काढून ठार करण्यात आले. त्या वेळी फिरिश्ता स्वतः अहमदनगरात नोकरीस होता. तो कसाबसा निसटून विजापुरास आला आणि तेथेच त्याने आपला ग्रंथ लिहिला. त्याच्या ग्रंथात दक्षिणी पक्षाविषयी जो कडवटपणा आढळतो त्यामागे हा अनुभव आहे. चाकणची आणि कमालखानाची हकीकत वाचतानाही हे ध्यानात ठेवले पाहिजे. परदेशी पक्षाला असा लेखणीबहाद्दर साक्षीदार लाभला. दक्षिणी पक्षाची बाजू तितक्या विस्ताराने मांडणारा तसा ग्रंथ आपल्यापुढे नाही.

जमालखान महदवी होता. जौनपूरच्या सय्यद मुहंमद यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपण महदी असल्याचे सांगितले. त्यांचे अनुयायी ते महदवी होत. जमालखानाने बालराजा इस्माईल याला गादीवर बसवून या पंथाला राजाश्रय दिला. म्हणजे आता भांडण शिया आणि सुन्नी यांच्यापुरते उरले नव्हते. १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला. त्याला हरविणारा बुऱ्हाण दुसरा हा त्याच बालराजाचा बाप होता. त्याने शिया पंथ पुन्हा स्थापिला. दोन वर्षांत दोन राजधर्म झाले, आणि प्रत्येक वेळी जहागिरी हात बदलत्या झाल्या.

भांडणाचे मूळ केवळ पंथात असते तर एकाच पंथाचे लोक तरी एकमेकांशी सुखाने नांदले असते. इतिहास तसे सांगत नाही. १५५८ मध्ये विजापुरास अली आदिलशाह पहिला गादीवर आला आणि त्याने खुतबा पुन्हा शिया केला. अहमदनगरचा हुसेन निजामशाहही शियाच होता. पण दोघांत सोलापूरचा किल्ला होता. सोलापूर व कल्याणी परत मिळविण्यासाठी अली स्वतः विजयनगरास गेला आणि रामरायाची मदत घेऊन आपल्या स्वपंथीयाचा मुलूख त्याने उद्ध्वस्त केला. पुढे रामराय डोईजड झाला तेव्हा हे दोघे एक झाले. हुसेनची मुलगी चांदबीबी अलीला दिली गेली, सोलापूर आंदणात आले आणि १५६५ मध्ये विजयनगरविरुद्धच्या लढाईत गोवळकोंडा व बीदरही त्यांच्या बाजूस उभे राहिले. किल्ल्याचा प्रश्न सुटला, तेव्हा मैत्रीही जमली.

उलट परदेशीयांचे बळ खचल्यावर १५९५ मध्ये अहमदनगरात दक्षिणी मियाँ मंजू आणि हबशी इखलासखान हे एकमेकांवर उठले. चार पक्षांनी चार वारस उभे केले. त्यांतील मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीस बोलाविले, आणि मोगल अहमदनगरच्या तटाखाली आले. चांदबीबीने तो पहिला वेढा परतविला. परंतु १६०० मध्ये ती शत्रूशी मिळाली असा गवगवा करून तिच्याच शिपायांनी तिला ठार केले, आणि त्याच वर्षी किल्ला मोगलांच्या हाती गेला. विजापुरातही शेवटच्या काळात, १६७२ नंतर, दक्षिणी पक्षाचा खवासखान आणि पठाण बहलोलखान यांच्यात जी झुंज लागली तिचे कारण पंथ नव्हता. दोघेही सुन्नी पक्षाचेच होते. पंथाचा झेंडा खाली ठेवल्यावर भांडण थांबले नाही, कारण त्याचे कारण झेंड्यात नव्हते.

मग पंथ हे निव्वळ निमित्त होते काय? इतके सोपे उत्तर इतिहास देत नाही. यूसुफ आदिलखानाची किंवा बुऱ्हाण निजामशाहाची श्रद्धा ढोंगी होती असे म्हणण्यास आधार नाही. शिवाय निमित्त म्हणून हाती घेतलेली गोष्ट निमित्त राहत नाही. चाकणच्या किल्ल्यात माणसे परदेशी म्हणून मारली गेली. दीडशे वर्षांनी अहमदनगरच्या रस्त्यांत परदेशी आणि परपंथी हे दोन शब्द एकच झाले होते. जहागीर गेली तर ती उद्या परत मिळण्याची आशा असते, तडजोड होऊ शकते. परंतु त्याच हानीला धर्महानी म्हटले की तडजोड करणारा पापी ठरतो. दरबारातील स्पर्धेला पंथाचे नाव दिल्याने ती उदात्त झाली नाही, मात्र तिच्यातून माघार घेणे अशक्य झाले.

याला अपवादही होते. विजापूरचा इब्राहीम दुसरा १५८० मध्ये नऊ वर्षांचा असताना गादीवर आला. प्रथम एकामागून एक कारभारी एकमेकांना पदच्युत करीत राहिले; त्यांतील दिलावरखान हबशी याने खुतबा सुन्नी केला. हा शेवटचा मोठा बदल. १५९० मध्ये इब्राहीमने दिलावरखानाला दूर करून कारभार हाती घेतला. त्याने खुतबा सुन्नीच ठेवला. परंतु परदेशी शिया विद्वानांना, दक्षिणी सरदारांना आणि हिंदू कलावंतांना सारखाच आश्रय दिला. स्वतः फिरिश्ता त्याच्याच दरबारी होता. ज्या राजाच्या ‘किताब-ए-नवरस’ या संगीतग्रंथात सरस्वतीचे स्तवन आढळते तो हाच. मिंबरावर काय बोलले जाते यावरून चाकरी द्यावयाची नाही, एवढे त्याने पाळले, आणि पुढील तीन-साडेतीन तपे विजापुरात खुतब्यावरून रक्तपात झाला नाही. गोवळकोंड्यास कुत्बशाही आरंभापासून शियाच राहिली. तेथे मीर मोमीन अस्तराबादीसारखा परदेशी पेशवा होता, हैदराबादेत बादशाही आशुरखाना उभा राहिला. त्याबरोबरच तेलुगू नायकवाडी सैन्यात आणि ब्राह्मण अधिकारी महसुलात होते. इब्राहीम कुत्बशाहाला तर तेलुगू कवींनी मल्किभराम या नावाने आपलासा केला. तेथे कटकटी नव्हत्या असे नाही, पण खुतब्याची उलथापालथ झाली नाही.

अखेरीस या राज्यांवर तोच डाव बाहेरून उलटला. १६३६ मध्ये शाहजहानने अब्दुल्ला कुत्बशाहाकडून जो करारनामा लिहून घेतला त्यात खंडणीबरोबर एक कलम खुतब्याचे होते. खुतब्यात चार खलिफांची नावे घ्यावी आणि इराणच्या शाहाच्या नावाऐवजी मोगल बादशहाचे नाव यावे, असे ते कलम होते. येथेही पंथाच्या आडून प्रश्न होता तो सार्वभौमत्वाचा. औरंगजेबाने विजापूर व गोवळकोंडा यांवर शेवटची मोहीम काढली तेव्हा त्याच्या मुख्य काजीने, शेख-उल्-इस्लामाने, मुसलमान राज्यांविरुद्धच्या त्या युद्धाला धर्मसंमती दिली नाही आणि तो पदावरून दूर झाला. युद्ध थांबले नाही. १६८६ मध्ये विजापूर पडले. तेथे सुन्नी खुतबा चालू होता. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला. तेथला राजा शिया होता. मोगल तोफांनी दोहोंत भेद केला नाही.

आज बेळगावच्या किल्ल्यातील सफा मशीद उभी आहे, बीदरचा मदरसा स्फोटात अर्धा ढासळूनही उभा आहे, हैदराबादच्या आशुरखान्यात मोहरमचे अलम अजून निघतात. दक्षिणेतील गावोगावच्या मोहरमात सुन्नी मुसलमान आणि हिंदू यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोल्यांना आणि पंजांना नवस बोलले. करबलाच्या शोकाला आपले मानताना त्यांनी कोणाला पंथ विचारला नाही, कारण त्यात कोणाची जहागीर गुंतलेली नव्हती. ज्या श्रद्धेवरून दरबारात माणसे मारली गेली तीच श्रद्धा गावकुसाच्या आत शेजाऱ्यांना एकत्र आणीत होती. इराण, इराक किंवा अन्य कोठल्याही देशातील पंथभेदाचे वृत्त वाचताना विजापूरच्या त्या आठ खुतब्यांचे स्मरण ठेवावे. कोणता पंथ वर आला हे विचारण्याबरोबरच, त्या दिवशी कोणाची चाकरी गेली आणि ती कोणाला मिळाली, हेही विचारावे.